दासीला शील असते का?

देवळा-सटाण्याकडून कोर्टकचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामाने नाशिकला येणाऱ्यांना शरणपूर रोड ठाऊक असतो. या रस्त्याला ज्या वसाहतीचे नाव आहे, ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५०च्या दशकात उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते अडवी, त्यांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीच पुढे नाशिकला पोचत. तिथल्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवत, बाप्तिस्माही देत. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा याच शाळेतला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. ही हकिगत ऐकली की ख्रिस्ती धर्म आणि गुलामगिरी यांचे वैर मुळापासूनचेच असणार, असे कोणालाही वाटेल. मात्र पहिल्या पाच शतकांची कागदपत्रे तसे सांगत नाहीत. गुलाम बाळगणे त्या काळच्या चर्चने पाप ठरवले नाही. पण स्त्री-पुरुष संबंधांची रोमन नीती मात्र चर्चने पायापासून हलवली. कोण कोणाच्या मालकीचे हा एक प्रश्न आणि कोणी कोणाशी संग करावा हा दुसरा, असे धरून चर्चने पहिला जवळजवळ सोडून दिला आणि दुसऱ्यावर सारी शक्ती खर्ची घातली. अडचण अशी की दासीच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. ते वेगळे धरण्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

रोमन नीतीत व्यभिचार हा गुन्हा होता, पण तो कोणाच्या बाबतीत घडला यावर सारे अवलंबून असे. स्वतंत्र, कुलीन घरातली मुलगी, पत्नी, विधवा किंवा कुलीन मुलगा यांना हात लावला तर तो गुन्हा. दासीला किंवा दासाला मालकाने अंथरुणात ओढले तर कायद्याच्या लेखी काहीच घडले नाही. दुसऱ्याच्या दासीवर कोणी जबरदस्ती केली, तर मालकाच्या मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल दावा होई. तिची स्वतःची अब्रू हा विषयच नसे. एका रोमन वकिलाचे भाषण थोरल्या सेनेकाने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की परपुरुषाला देह देणे स्वतंत्र माणसाला कलंक, गुलामाला ती अपरिहार्यता आणि मुक्त झालेल्याला ते मालकाचे देणे. गुलामांना कायदेशीर विवाह नव्हता; दोघे एकत्र राहत ते मालकाच्या मर्जीने, आणि त्यांतल्या एकाला विकायचे झाले तर त्यात आडकाठी नव्हती. कुलवतींचे शील जपले जावे म्हणून पुरुषांच्या वासनेला दुसरीकडे वाट हवी, अशी ही व्यवस्था. आणि ती वाट म्हणजे घरातली दासी किंवा कुंटणखान्यातली स्त्री, जी बहुधा दासीच असे. शील हा सद्गुण असला तरी तो ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे मिळायचा किंवा नाकारला जायचा.

पौलाने करिंथमधल्या नवख्रिस्ती मंडळींना वेश्येकडे जाण्याची सक्त मनाई केली, तेव्हा या व्यवस्थेच्या मर्मावरच बोट ठेवले गेले. शरीर हे देवाचे मंदिर आहे, ते भाड्याच्या संगात विटाळू नये, असा त्याचा युक्तिवाद. रोमन कानाला हे विचित्र वाटले असणार, कारण पुरुषाने वेश्येकडे जाणे म्हणजे कोणाचा काही अपराध करणे, असे तिथे कोणी मानत नव्हते. पण पौल बोलतो ते गिऱ्हाइकाशी. त्या कुंटणखान्यातल्या स्त्रीला, जिचे शरीरही त्याच न्यायाने मंदिर ठरायला हवे, तो काहीच सांगत नाही. तिला नकार देण्याची सोय नाही, याचाही उल्लेख नाही. गुलामगिरीबद्दलची त्याची भूमिका फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात दिसते. जेमतेम पंचवीस वचनांचे हे पत्र. अनेसिम हा फिलेमोनचा गुलाम, घरातून दूर झालेला आणि पौलाच्या सहवासात ख्रिस्ती झालेला. पौल त्याला परत धाडतो आणि मालकाला विनवतो, की याला आता दासापेक्षा वरचा, प्रिय बंधू म्हणून घरात घे. विनवणी मनापासूनची आहे, यात शंका नाही. तरी तो त्याला परत धाडतो. इफिसकरांस, कलस्सैकरांस आणि तीताला लिहिलेल्या पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कठोर धन्याच्याही आज्ञेत राहायला सांगितले आहे. धनी रात्री बोलावतो तेव्हा आज्ञा पाळायची की देहमंदिराचे पावित्र्य राखायचे, हा प्रश्न या पत्रांच्या पहिल्या वाचकांत बसलेल्या कुठल्याही दासीला पडला असेल. उत्तर पत्रांत नाही.

दासी त्या वाचकांत खरोखरच होत्या. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की ख्रिस्ती लोक नेमके करतात तरी काय हे काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत या दोघींना सेविकेचे पद होते. १७७ मध्ये ल्योन शहरात हुतात्मा झालेल्यांत सर्वांत जास्त टिकून राहिली ती ब्लांदिना नावाची दासी. तिची मालकीण त्याच खटल्यात होती आणि ही नाजूक बाई डगमगेल अशी तिला धास्ती वाटत होती. रोमचा बिशप कॅलिस्टस (सुमारे २१७ ते २२२) स्वतः एकेकाळचा गुलाम. वरच्या घराण्यातल्या स्त्रियांनी दासाशी किंवा हलक्या दर्जाच्या पुरुषाशी जोडलेला संबंध त्याने विवाह म्हणून मानला, तेव्हा त्याचा विरोधक हिप्पोलिटस त्याच्यावर तुटून पडला. म्हणजे गुलामाला आत्मा आहे, तो संत होऊ शकतो, बिशप होऊ शकतो, हे पहिल्यापासून मान्य होते. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण जिथे नियम करायची वेळ आली, तिथे मालकाची सावली नियमावर पडलीच. ‘अपोस्टोलिक ट्रॅडिशन’ या जुन्या नियमग्रंथात बाप्तिस्म्याला आलेल्यांची छाननी आहे. एखाद्याची रखेल असलेली दासी, तिने आपली मुले वाढवली असतील आणि त्या एकाच पुरुषाशी ती राहिली असेल तर तिला आत घ्यावे. रखेल ठेवणाऱ्या पुरुषाने मात्र ते सोडून रीतसर लग्न करावे. यात दासीकडे दयेने पाहिले आहे, कारण तिच्या हाती काही नाही हे नियम करणाऱ्याला कळते. पुरुषावर बंधनही घातले आहे. पण त्याने ‘सोडून’ दिल्यावर ती दासी कोणाकडे जाईल, कोणाला विकली जाईल, याची चौकशी त्या नियमात कुठेच नाही.

स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेचा (सुमारे ३०५) पाचवा नियम तर ख्रिस्ती घरांच्या आतले चित्र उघडे करतो. मत्सराच्या संतापात मालकिणीने दासीला इतके फटके मारले की ती तीन दिवसांत मेली, तर मालकिणीला काय प्रायश्चित्त? मुद्दाम मारले असेल तर सात वर्षे, चुकून घडले असेल तर पाच वर्षे; तेवढ्या काळानंतर तिला पुन्हा प्रभुभोजनाला घ्यावे. मत्सर कशाचा, हे नियम सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. घरधनी ख्रिस्ती, मालकीण ख्रिस्ती, कदाचित मेलेली दासीही ख्रिस्ती. बिशपांपुढे नियम करण्याइतक्या वेळा असे प्रसंग आले असावेत.

दासीचे शील आणि धन्याची मालकी समोरासमोर आली की काय होते, याची सर्वांत धारदार गोष्ट अलेक्झांड्रियाच्या पोतामियेनाची आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ती उकळत्या डांबराने मारली गेली. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस तिचे हौतात्म्य सांगतो, पण ती दासी होती असे म्हणत नाही. शंभरेक वर्षांनी पॅलाडियस सांगतो, की ती एका लंपट धन्याची दासी होती. तिने नकार दिला म्हणून धन्याने तिला ख्रिस्ती असल्याच्या आरोपाखाली सुभेदाराच्या हवाली केले आणि ती वश झाली तर शिक्षा नको असेही सांगून ठेवले. दासीपणाचा तपशील ऐतिहासिक आहे की मागाहून जोडलेला, याचा निकाल लावण्याची मला गरज वाटत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती वाचकांना ही गोष्ट पटत होती आणि दासीने धन्याला नाही म्हणणे हे त्यांना बंड न वाटता पुण्य वाटत होते, एवढे पुरेसे आहे. रोमन नीतीत तिच्या नकाराला अर्थच नव्हता, कारण तिच्याकडे राखण्यासारखे शीलच नाही असे गृहीत होते. नव्या नीतीने तिला शील दिले. मात्र ते राखण्याचा अधिकार न देता दिले, म्हणून तिला मरावे लागले.

या कोंडीची जाणीव चर्चमधल्या सर्वांत शहाण्या माणसांना होती. कैसरियाचा बिशप बासिल सुमारे ३७५ मध्ये निवाडा देतो, की जबरदस्तीने झालेल्या संगाचा दोष स्त्रीला लागत नाही, म्हणून धन्याने बळजबरी केलेली दासी निर्दोष आहे. पाप संमतीत असते. संमती नसेल तर पापही नाही. दासीला संमती-असंमती असते हे कबूल करणे म्हणजे तिला माणूस मानणेच. पण त्याच पत्रात बासिलचा दुसरा निवाडा आहे: धन्याची परवानगी न घेता दासीने एखाद्या पुरुषाला स्वतःला दिले, तर तो व्यभिचार. म्हणजे तिच्या ‘नाही’ला धर्माने मान दिला, पण तिचे ‘होय’ धन्याच्या खिशात राहिले. दोन वाक्यांचे हे अंतर मला त्या काळाच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा बोलके वाटते. पुढे ४२८ मध्ये थिओडोसियस दुसरा या सम्राटाने कायदा केला: जे बाप किंवा धनी आपल्या मुलींना वा दासींना देहविक्रयाला भाग पाडतात, त्यांचा हक्क संपला, अशा स्त्रीने बिशपाकडे किंवा न्यायाधिकाऱ्याकडे दाद मागावी. देहाच्या नीतीने मालकीच्या भिंतीला पाडलेले हे पहिले खरे भगदाड. ते पडले ते गुलामगिरी अन्याय्य आहे म्हणून पडले नाही. पाप करायला लावणे हा धन्याचा हक्क असूच शकत नाही, या तर्काने पडले. कुंटणखान्याबाहेर, धन्याच्या स्वतःच्या घरातल्या दासीला हा कायदा स्पर्श करत नव्हता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. त्या काळी गुलामांशिवाय समाज चालू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हते, मग विसाव्या शतकाची फूटपट्टी चौथ्या शतकाला कशाला लावायची? आणि आरंभीची ख्रिस्ती मंडळी तर मूठभर, छळलेली, शिवाय जग लवकरच संपणार असे मानणारी. पौलापुरते हे मान्य करू. पण ३१३ नंतर सम्राटच त्या धर्माच्या बाजूला आला, बिशप न्यायनिवाडे करू लागले, चर्चच्या मालकीच्या जमिनी आणि त्यांवर गुलाम आले. सार्डिनियात सापडलेल्या एका गुलामाच्या गळपट्ट्यावर फेलिक्स नावाच्या आर्चडीकनचे नाव आणि हा पळाला तर धरून ठेवा अशी सूचना कोरलेली आहे. गंग्राच्या धर्मसभेने चौथ्या शतकात, धर्माच्या नावाखाली दासाला धन्याचा अवमान करायला किंवा सेवा सोडायला शिकवणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. असे शिकवणारे कोणी होते, म्हणूनच हा नियम करावा लागला. आणि ‘कोणाच्या डोक्यातच येत नव्हते’ हे तर सरळ खोटे आहे. बासिलचा धाकटा भाऊ, नीसाचा बिशप ग्रेगरी, याने सुमारे ३८० मध्ये उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना गुलाम विकत घेणाऱ्याला खडसावून विचारले, की देवाच्या प्रतिमेची किंमत तू कोणत्या नाण्यात मोजलीस, आणि देवानेच मोकळे केलेले माणूस विकण्याचा हक्क तुला कोणी दिला. प्राचीन जगात गुलामगिरीच्या तत्त्वावरच इतका थेट हल्ला दुसरा सापडत नाही. त्यांची थोरली बहीण मॅक्रिना हिने आईला आपल्या दासींसोबत बरोबरीने राहायला लावले होते. म्हणजे विचार होता, एका घरात त्याचा प्रयोगही झाला होता. पण ग्रेगरीने मालकांना लाजवले, कायदा मागितला नाही. ऑगस्टीनने गुलामगिरी निसर्गाने नाही, पापामुळे आली असे लिहिले आणि मग पापी जगात ती सोसावी, असा निष्कर्ष काढला. त्याच ऑगस्टीनची प्रवचने घरातल्या दासींशी चाळे करणाऱ्या नवऱ्यांवर तुटून पडतात. त्याचा राग कुठे जातो आणि कुठे जात नाही, हे पाहावे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: पुरुषानेही शील पाळावे हा विचार तरी ख्रिस्ती कुठे होता? पहिल्या शतकात म्युझोनियस रुफस हा स्टोइक तत्त्वज्ञ दासीशी संग करणाऱ्या धन्याची निर्भर्त्सना करतच होता, त्याच्या पत्नीने दासाशी तसे केले तर चालेल का, असे विचारत होता. हे खरे आहे. फरक एवढाच, की म्युझोनियसचे ऐकणारे थोडे होते आणि न ऐकणाऱ्याला तो काही करू शकत नव्हता. जॉन क्रिसोस्टम हा धर्मोपदेशक भरगच्च चर्चपुढे, सम्राज्ञीशी केलेला व्यभिचार आणि स्वतःच्या दासीशी केलेला व्यभिचार देवाजवळ एकच, असे सांगतो तेव्हा त्याच्या मागे प्रायश्चित्ताची आणि बहिष्काराची यंत्रणा उभी असते. तोच क्रिसोस्टम श्रीमंतांना सल्ला देतो, की गुलाम विकत घ्या, त्यांना धंदा शिकवा आणि मग सोडून द्या. नाशिकच्या असायलमचा आराखडा याहून फार वेगळा नव्हता.

या सगळ्यावरून कोणी परधर्मावर बोट रोखणार असेल तर त्याने पेशवे दप्तराकडेही वळावे. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात कुणबिणी विकत मिळत, लेकीबरोबर आंदण दिल्या जात. घरात राबणाऱ्या बटकीच्या देहावर धन्याचा हक्क हा बोलण्याचाही विषय नव्हता. पण आपल्याकडे आणखी एक तऱ्हा होती. ‘बदकर्मा’चा आरोप सिद्ध झालेल्या, विशेषतः खालच्या मानलेल्या जातींतल्या, स्त्रियांना सरकार स्वतः कुणबीण करी आणि किल्ल्यांवर, कोठारांत, पागांत कामाला लावी किंवा विकून टाकी. रोमने दासीला शील नाकारले. पेशवाईने शील गेल्याच्या नावाखाली स्वतंत्र बाईला दासी केले. आणि दासी झाल्यावर तिच्या शीलाची काळजी कोणाला नव्हती, म्हणजे शिक्षेचा हेतू शील राखणे हा नव्हताच.

गोव्यात तर धर्म ख्रिस्ती, सत्ता ख्रिस्ती. १५८३ मध्ये गोव्याला आलेल्या, आर्चबिशपच्या पदरी चाकरी करणाऱ्या लिन्स्कोटेन या डच माणसाने भर रस्त्यात होणारे गुलामांचे लिलाव पाहिले. नीटनेटक्या, देखण्या दासींना मुरंबे आणि शिवणकाम विकायला बाहेर धाडत आणि गिऱ्हाईक मालासाठी कमी, विकणारीसाठी जास्त येत. त्या कमाईवर पोर्तुगीज घरे चालत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याआधी, १५४२ मध्ये आलेल्या फ्रान्सिस झेवियरने या घरांत शिरून पोर्तुगीज पुरुषांना दासीशी लग्न तरी करा नाहीतर तिला दूर तरी करा, असे बजावले. १५६७च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने गुलाम कोणत्या कारणांनी न्याय्य रीतीने बाळगता येतो याचे निकष ठरवले. लग्न करा किंवा दूर करा: ‘अपोस्टोलिक ट्रॅडिशन’मधला तोच नियम, तेराशे वर्षांनी मांडवीच्या काठी. त्या दोन पर्यायांतला कुठला हवा हे दासीला विचारावे, असे इथेही कोणाला वाटले नाही. पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपायला १८६९ साल उजाडले.

आता शरणपूरच्या मुलांकडे. १८७३ मध्ये बार्टल फ्रीअरच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला आणि त्यानंतर नाशिकच्या सुमारे दीडशे आफ्रिकींना मोंबासाजवळ, फ्रीअरटाउनमध्ये हलवण्यात आले. व्यापार बंद झाला तरी किनाऱ्यावरची गुलामगिरी कायदेशीरच होती, आणि तिथले मळे सोडून पळणारे गुलाम मिशनच्या दारात येऊ लागले. मिशनचे अधिकृत धोरण पळून आलेल्यांना ठेवून न घेण्याचे होते. पौलाने अनेसिमला परत धाडल्याचा दाखला सोयीचा होता. मिशनच्या रबाईच्या ठाण्यावर विल्यम जोन्स हा नाशिकला शिकलेला, स्वतः लहानपणी पकडून विकला गेलेला पाद्री होता. त्याच्याकडे आलेले पळपुटे परत गेले नाहीत. १८८८ मध्ये धन्यांनी हिशेब मागितला, तेव्हा रबाई आणि आसपासच्या ठाण्यांवर चौदाशेहून जास्त माणसे निघाली. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झीने मालकांना मोबदला दिला आणि १ जानेवारी १८८९ रोजी या पळपुट्यांच्या हाती मुक्तीचे कागद पडले. मिशनच्या लंडनमधल्या समितीला जे सुचले नाही ते जोन्सला का सुचले, याचे कारण त्याच्या धर्मशिक्षणात शोधण्यापेक्षा त्याच्या बालपणात शोधावे, असे मला वाटते. पत्र दोघांनी एकच वाचले होते. एकाने ते पौलाच्या जागेवरून वाचले, दुसऱ्याने अनेसिमच्या.

त्यानंतरही एक दार बंदच राहिले. ६ एप्रिल १८९७ रोजी, ब्रिटिशांच्या आग्रहावरून, झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारे फर्मान निघाले. गुलाम न्यायालयात जाऊन सुटका मागू शकत होता. फक्त रखेली वगळल्या होत्या: त्यांना दासी न मानता पत्नीसारखे मानावे, क्रूर वागणूक सिद्ध केल्याशिवाय त्यांना सुटता येणार नाही, असे त्यात होते. घरांची अब्रू आणि कुटुंबाची घडी ही कारणे सांगितली गेली. मिशनऱ्यांनी आणि गुलामगिरीविरोधी संस्थांनी आरडाओरडा केला. मळ्यात राबणारा पुरुष सुटला, त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, या स्त्रियांना कायद्याने दार उघडले.